न्हाणीतली झिणझिण

आमच्या घरात नळ आला त्या दिवशी मायनं त्याला हळदीकुंकू लावलं आणि पहिला तांब्या भरून तुळशीला घातला. वाटूरवरून परतूरच्या बाजूला निघालं की गाव संपता संपता आमचं शेत लागायचं, आणि शेताच्या कडेला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बांधलेलं घर. भावकीत स्लॅबचं ते पहिलंच. अण्णांच्या वडिलांचा जन्म मेंढरांमागं रानोमाळ गेलेला. आज इथं, उद्या तिथं, पाऊस आला की डोक्यावर घोंगडं. त्यामुळं अण्णांना पक्क्या भिंतीचं फार अप्रूप. आता शेती होती, मेंढ्या थोड्याच उरल्या होत्या, पण सवय गेली नव्हती. संध्याकाळी कळप कोंडून आले की ते भिंतीवरून तळहात फिरवायचे, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. बोलायचे कमीच. मेंढ्यांशी बोलायचे तेवढं आमच्याशी बोलत नसत.

त्या घराचे आवाज मला अजून पाठ आहेत. लाईट आली की माय पडवीतल्या बोर्डाचं बटन वर करायची. आधी बोअरमध्ये खोल कुठंतरी घरघर, मग काळ्या रबरी पाइपातून फसफसणारी हवा, आणि थोड्या वेळानं गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीत धबाधबा पाणी. टाकीतून खाली येणारा पाइप मात्र लोखंडी होता. तो भिंतीच्या पोटातून न्हाणीत उतरायचा आणि पुढं भिंतीला भोक पाडून बाहेर, मेंढ्यांना पाणी पाजायच्या पिंपावर जायचा. डांबराचं जुनं पिंप उभं चिरून दगडांवर आडवं ठेवलं होतं, त्याच्या कडेला तो पाइप तारेनं घट्ट बांधलेला. मोटरची वायर त्याच भिंतीतून, त्याच पाइपाच्या अंगाला लागून गेलेली होती. गिलावा झाला, चुना लागला, आणि भिंतीत काय आहे ते सगळे विसरून गेले. आता मी जालन्यात मुलाकडं असते. त्यांचा नवा फ्लॅट बघायला गेलो तेव्हा सून ओटा आणि खिडक्या बघत होती, आणि मी दाखवायला आलेल्या माणसाला विचारत होते की वायरी कुठून नेल्यात आणि अर्थिंगचा खड्डा कुठं आहे. म्हातारी कुणा इंजिनियरची बायको असणार असं त्याला वाटलं असावं. फार अदबीनं त्यानं मला खाली नेऊन खड्डा दाखवला. तो कोरडा ठणठणीत होता.

माझा भाऊ अंकुशनगरकडं ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर होता. हंगामात तो पंधरवड्यातून एखादेवेळी घरी यायचा. त्याचं लग्न झालं आणि वहिनी घरात आल्या, तेव्हा मी आठवीत होते. वहिनी तीर्थपुरीच्या, नाव मंगल. त्यांच्या वडिलांची पिठाची गिरणी होती आणि त्या गिरणीतच त्या वाढल्या होत्या. गिरणीच्या घरघरीवरून बोलायची सवय, म्हणून आवाज मोठा. मायला ते खटकायचं. सुनेचा आवाज ओसरीपर्यंत जाऊ नये असं तिचं म्हणणं. अण्णांशी तर वहिनींनी समोर उभं राहून बोलायचंच नव्हतं; काही सांगायचं तर मायच्या मार्फत. ती रीतच होती आणि वहिनींनी ती पाळली. पण माझ्याशी त्या भरपूर बोलत. येसराची आमटी उकळत ठेवायची, एकीकडं भाकरी थापायची, आणि गिरणीच्या गोष्टी सांगायच्या. पट्टा तुटायच्या आधी कसा वास येतो, मोटर जळायच्या आधी कशी कण्हते. एकदा गिरणीतला एक माणूस मोटरला चिकटला होता, ते त्यांनी लहानपणी डोळ्यांनी बघितलं होतं. भाकरी उलटता उलटता त्या म्हणाल्या होत्या, “ताई, करंटनं धरलेल्या माणसाला कधी हात लावायचा न्हाई. आपला सख्खा असला तरी न्हाई. आधी बटन.” मी हो म्हटलं आणि भाकरीवर ठेचा घेऊन खायला लागले.

पहिल्या दिवाळीला वहिनींना माहेराहून एक मोठा आरसा मिळाला, लाकडी चौकटीचा, चांगला जड. भाऊ घरी होता. त्यानं पडवीतल्या भिंतीत जाड खिळा ठोकून तो टांगला. त्या भिंतीच्या पलीकडं न्हाणी. तेव्हा पाऊस नुकताच सरला होता, रान ओलं होतं, आणि काहीच झालं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला एके सकाळी वहिनी धुणं अर्धवट टाकून आत आल्या. ओल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आत्याबाई, नळ चावून राह्यला.”

मायला आधी कळलंच नाही. मग ती गेली आणि नळ सोडून, बंद करून, पुन्हा सोडून बघून आली. तिला काही झालं नाही. मायच्या टाचा फुटलेल्या असायच्या, म्हणून ती घरातसुद्धा रबरी चप्पल घालायची. वहिनी म्हणाल्या की चप्पल काढून बघा, आणि मोटर चालू असताना बघा. सुनेनं सासूला चप्पल काढायला सांगावं हे मायच्या जिव्हारी लागलं. तिनं चप्पल काढली नाही. गिरणीवाल्याची पोरगी फार शहाणी आहे, एवढंच दिवसभर पुटपुटत राहिली. खरी गोष्ट अशी की मोटर चालू असताना, ओल्या फरशीवर, अनवाणी त्या नळाशी बसणारं घरात एकच माणूस होतं. अण्णा आणि भाऊ बाहेर बादली घेऊन अंघोळ करत. मायनं सून आल्यापासून धुण्याभांड्याला हात लावला नव्हता. मी सकाळी शाळेत. एका रविवारी मी पाय धुवायला गेले तेव्हा मात्र मलाही लागलं. बोटांतून कोपरापर्यंत मुंग्या धावत गेल्या आणि दात एकमेकांवर आपटले. मी मायला सांगितलं. वहिनीचं ऐकून ऐकून तुझंही सुरू झालं, असं ती म्हणाली आणि माझ्याकडं जरा घाबरून बघितलं. तो घाबरलेला चेहरा मला आवडला नाही. तो नळाला भिऊन नव्हता.

भाऊ आला तेव्हा वहिनींनी त्याला सांगितलं, आणि त्यानं घराची फिटिंग केलेल्या वायरमनला बोलावलं. तो आला तेव्हा लाईट गेलेली होती. त्यानं चहा घेतला, नळाला टेस्टर लावून दाखवला, टेस्टरचा दिवा लागला नाही. लाईटच नव्हती तर लागणार कुठून. वहिनी दारामागून म्हणाल्या की लाईट येईपर्यंत थांबायला सांगा. त्याला पुढं जायचं होतं. सगळं बराबर आहे, बिलकुल काळजी करू नका, असं तो भाऊला म्हणाला. फ्यूज सारखा उडतो असं मायनं सांगितल्यावर त्यानं त्यात चांगली जाड तार घातली आणि आता उडणार नाही म्हणाला. ते मात्र खरं निघालं. त्यानंतर फ्यूज कधीच उडाला नाही.

मग उन्हाळा लागला. आमची जमीन काळी, खोल. शिमग्यानंतर तिला भेगा पडायला लागतात आणि चैत्रात तर एकेका भेगेत हात जातो. रान ओलं होतं तोवर जो काही करंट होता तो ओल्या मातीत निघून जात होता; माती सुकली, तशी त्याला जायला वाट उरली नाही. हे मला पुढं पुष्कळ वर्षांनी माझ्या मुलानं समजावून सांगितलं. तेव्हा आम्हाला एवढंच दिसत होतं की वहिनी दिवसेंदिवस न्हाणीला जास्त भ्यायला लागल्या आहेत. त्या मोटर बंद झाल्यावरच धुणं काढायच्या. माय म्हणायची, मोटर चालू असताना पाणी जोरात येतं, तेव्हा हिला काम नको असतं. एकदा मायनं मुद्दाम मोटर चालू करून त्यांना भांडी घासायला बसवलं. मी चुलीपुढं होते. कळशी आपटल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर वहिनी भिंतीला टेकून पडलेल्या, डोळे उघडे, मनगट हां हां म्हणता सुजलेलं. मायनं त्यांच्या नाकाला कांदा लावला. फेफरं आहे आणि माहेरच्यांनी लपवलं, असं त्या दिवशी घरात पहिल्यांदा बोललं गेलं.

त्यानंतर घराचं वळणच बदललं. मोटर सुरू झाली की वहिनी हातातलं काम थांबवून तिच्या घरघरीकडं कान देऊन बसायच्या, आणि माय वहिनींकडं बघत बसायची. एका अमावस्येला शेजारच्या गावातून एक भगत आला. त्यानं घरभर लिंबू फिरवलं, न्हाणीच्या उंबऱ्यावर अंगारा टाकला आणि सांगितलं की दिवाळीला ही माहेराहून येताना सोबत काहीतरी आलेलं आहे. मायनं मान हलवली. दिवाळीनंतरच सुरू झालं हे खरंच होतं. वहिनींच्या कपाळाला अंगारा लावला तेव्हा त्यांनी लावू दिला. नंतर मला म्हणाल्या की ताई, तू तरी न्हाणीत जाताना चप्पल घालत जा.

आणि मग मेंढ्यांनी पाणी सोडलं. दुपारी रानातून आलेला कळप एरवी पिंपावर तुटून पडायचा. आता तो पिंपापासून हातभर लांब उभा राहायचा. माना लांबवायच्या, वास घ्यायच्या, आणि मागं व्हायच्या. म्होरकी काळ्या तोंडाची होती. तिनं एकदा पाण्याला तोंड लावलं आणि अशी उसळली की मागच्या दोघी पडल्या. त्या दिवसापासून ती पुढं जाईना आणि तिच्यामागं कुणीच जाईना. अण्णांनी पिंप राखेनं घासलं, पाण्यात कडुलिंबाचा पाला टाकला, स्वतः ओंजळीनं पिऊन बघितलं. त्यांच्या पायात टायरच्या वहाणा. त्यांना काही झालं नाही. त्यांनी मायला विचारलं, आणि मायनं उलट विचारलं की पिंप भरतं कोण, सूनच ना. अण्णा मात्र दुपारी जेवण सोडून पिंपासमोर उकिडवे बसायला लागले. बापाच्या मेंढ्या पाण्यापासून कधी हटलेल्या त्यांनी बघितल्या नव्हत्या.

मायनं तीर्थपुरीला निरोप धाडला की मुलीला घेऊन जा, तिला बरं वाटलं की बघू. भाऊला कळवायची गरज तिला वाटली नाही. वहिनींचा भाऊ ज्या दिवशी यायचा होता, त्या दिवशी वहिनींनी पेटी भरून ठेवली, भावासाठी धपाट्यांचं पीठ मळायला घेतलं, आणि मायनं मोटर चालू केली. टाकी भरली, पिंप भरलं. मेंढ्या पीत नव्हत्या, म्हणून पिंप वाहायला लागलं आणि भोवती चांगलाच चिखल झाला. अण्णा लवकर कळप घेऊन आले. आज म्होरकीला पाजायचंच असं त्यांनी ठरवलं असावं. एक पिऊन गेली की बाकीच्या पितील. वहाणा चिखलात रुतायला लागल्या तशा त्यांनी त्या काढून बाजूला टाकल्या आणि मेंढीला मानेला धरून पिंपाकडं ओढायला लागले.

वहिनी पडवीच्या दारात आल्या, हात पिठाचे. मी त्यांच्या मागं. त्यांनी एकदा चिखलाकडं बघितलं, एकदा अण्णांच्या पायांकडं. आणि गिरणीच्या आवाजावरून बोलावं तशा आवाजात त्या आयुष्यात पहिल्यांदा अण्णांशी बोलल्या.

“मामा, पिंपाला हात लावू नका.”

अण्णांनी मान वळवली. सून त्यांच्याशी कधी बोललीच नव्हती, म्हणून वळवली. पण चिखलात पाय घसरला होता आणि तोल सावरायला त्यांचा हात पिंपाच्या कडेला लागलाही होता. तो हात मिटला. ते ओरडले नाहीत. गळ्यातून नुसता घर्र असा आवाज येत राहिला आणि सगळं अंग ताठ होऊन थरथरायला लागलं. मेंढी त्यांच्या पायाशी पडली आणि खुरांनी चिखल उडवत राहिली. माय न्हाणीकडून धावत आली. तिच्या पायात त्या वेळी चप्पल नव्हती, ते मला दिसलं. मी तिच्या कमरेला मिठी मारली. ती माझ्यापेक्षा दणकट होती. मला फरफटत घेऊन चालली. तिनं माझ्या डोक्यात बुक्क्या मारल्या, सोड मेले सोड म्हणाली, माझ्या हाताला चावली. मी सोडलं नाही. आम्ही दोघी चिखलाच्या अलीकडं पडलो.

तेवढ्यात मोटर थांबली. वहिनींनी बटन पाडलं होतं. इतकी शांतता झाली की टाकीतून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. अण्णांचा हात सुटला आणि ते चिखलात आडवे झाले. मेंढी मेली होती. अण्णा श्वास घेत होते.

शेजारचे आले, कुणी जीप बघायला पळालं. अण्णांना बाजेवर ठेवून आम्ही त्यांचे तळपाय चोळत होतो. बऱ्याच वेळानं त्यांना बोलता आलं. त्यांनी मायकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. वहिनींना विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“संक्रांतीपासून सांगून राह्यले, मामा,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्यापर्यंत आलं न्हाई.”

अण्णांनी डोळे मिटले. जीप आली आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. माय जीपमध्ये बसली नाही, शेजारचे दोघं गेले. ती ओट्यावर बसून राहिली. वहिनींनी हात धुतले, बादलीतल्या पाण्यानं, आणि धपाटे लाटायला घेतले. मला वाटलं आता पेटी परत उघडेल. दुपार कलल्यावर त्यांचा भाऊ आला. माय उठून वहिनींजवळ गेली आणि म्हणाली की आता जायची काय गरज, राह्य. तिनं ते हळू, विनवल्यासारखं म्हटलं. वहिनी पेटीची कडी लावत होत्या.

“मी तीन महिने सांगितलं, आत्याबाई, तवा तुम्ही भगत आणला,” त्या म्हणाल्या. “मेंढ्यांनी सांगितलं, तवा मामा बघाया तरी गेले.”

मग त्यांनी मायच्या पाया पडून निरोप घेतला, मला जवळ घेतलं, आणि त्या भावाबरोबर रस्त्याकडं चालत गेल्या.

भाऊ दुसऱ्या दिवशी आला. या वेळी जाणकार माणूस सोबत आणला, आणि लाईट असताना आणला. मोटर चालू केली आणि टेस्टरचा दिवा नळावर, पाइपावर, पिंपावर, सगळीकडं लागला. मग बटन पाडून त्यांनी भिंत फोडायला घेतली. आरसा उतरवला, गिलावा पाडला. आरशाचा खिळा वायरच्या रबरात शिरून आतल्या तांब्याच्या तारेला लागला होता आणि त्याचं टोक पाइपावर टेकलं होतं. भाऊ तो खिळा हातात घेऊन कितीतरी वेळ बसला होता. माय दारातून बघत होती. भगत म्हणाला ते एका अर्थानं खरंच होतं, दिवाळीला माहेराहून आरसा आला होता. पण आरसा माहेरचा होता. खिळा आमचा होता.

वायर बदलली, फ्यूजमधली जाड तार काढली, अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलं. मेंढ्या चार-दोन दिवसांत पिंपावर यायला लागल्या. माणसं आली नाहीत. अण्णा दवाखान्यातून आले ते उजव्या हाताची दोन बोटं कायमची आखडून. भिंतीवरून हात फिरवणं त्यांनी सोडलं. माय शेजारच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणायची, पण नळाला शिवायची नाही. पडवीतून जाताना ती त्या भिंतीपासून अंग चोरून जायची, आणि मीही. घर दुरुस्त झालेलं आम्हाला ठाऊक होतं. तरी मोटर सुरू झाली की आम्ही तिघं आपापल्या जागी थबकून ती बंद होईपर्यंत ऐकत राहायचो. आजही माझ्या मुलाच्या घरी पंपाची घरघर सुरू झाली की माझे पाय आपोआप चप्पल शोधतात. भीती भिंतीतून निघाली, ती आमच्यात येऊन बसली.

भाऊ तीर्थपुरीला दोनदा जाऊन आला. वहिनी आल्या नाहीत. त्या भांडल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. चहा करून दिला, अण्णांच्या हाताची चौकशी केली, आणि आल्या नाहीत. आषाढ लागला. मग एका सकाळी माय ठेवणीतलं लुगडं नेसून निघाली. कुठं चालली ते तिनं अण्णांना सांगितलं नाही, आणि अण्णांनी विचारलं नाही. तीर्थपुरीत तिनं काय सांगितलं, काय ऐकून घेतलं, हे तिनं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. वहिनींना मी मोठेपणी एकदा विचारलं होतं. त्यांनी विषय बदलला.

त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मी मायची वाट बघत फाट्यावर उभी होते. एसटी थांबली. आधी वहिनी उतरल्या, मोकळ्या हातांनी. मागून माय उतरली. वहिनींची पेटी तिच्या डोक्यावर होती. फाट्यावर ओळखीची माणसं बसली होती, त्यांनी बघितलं. वहिनी द्या म्हणाल्या, मीही हात पुढं केला. मायनं मान हलवली आणि ती पेटी घेऊन, चिखलातून, आमच्या पुढं चालायला लागली.